गावाच्या नावाची सुरुवात डेटाबेसला कुठून दिसते?

प्रश्न थोडक्यात असा आहे. राजापूर तालुक्यातल्या एका आंबा बागायतदार संस्थेत सभासदांची यादी पोस्टग्रेस नावाच्या डेटाबेसमध्ये ठेवली आहे. खिडकीवरच्या माणसाने गावाचं किंवा सभासदाचं नाव टाइप करायला घेतलं, की त्या अक्षरांनी सुरू होणाऱ्या नोंदी खाली दिसायला हव्यात. प्रश्नकर्त्याने 'लाइक', म्हणजे नमुन्याला जुळणाऱ्या नोंदी काढणारी कमांड वापरलीय, रकान्यावर इंडेक्सही (शोधाची सूची) लावलाय. तरी तीन तक्रारी आहेत. इंडेक्स असूनही शोध रेंगाळतो. 'रत्न' टाकलं की रत्नागिरीचे बरेच सभासद गायब असतात. आणि नावाच्या रकान्यात 'कु' टाकलं की कुणाचीही नावं येतात. शेवटी विचारलंय, 'आडनावाच्या शेवटावरून शोधता येईल का?'

मी रत्नागिरीत बसून अशाच संस्थांची आणि दुकानांची हिशेबाची सॉफ्टवेअर्स लिहितो. या तिन्ही तक्रारी माझ्याकडे वर्षाला दोनदा तरी येतात, बहुतेक वेळा एप्रिलमध्ये, पेट्या भरायची घाई असते तेव्हा. त्यांची कारणं वेगवेगळी आहेत, म्हणून एकेक घेतो. कमांड इथे देवनागरीत लिहिल्या आहेत, टाइप करताना अर्थातच नेहमीच्या इंग्रजी अक्षरांत करा.

आधी वेगाचं. तुमची क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, अशी असणार:

सिलेक्ट नाव, गाव फ्रॉम सभासद व्हेअर गाव लाइक 'राजा%'

टक्क्याचं चिन्ह म्हणजे 'पुढे काहीही असो, किंवा काहीच नसो'. क्वेरीत चूक काही नाही. वाण्याच्या दुकानातली जुनी खतावणी आठवा. पानांच्या कडा कापून अ, आ, क, ख अशी अक्षरं लावलेली असायची. देवरुखचा माणूस उधारी चुकवायला आला की वाणी 'द'ची कड धरून वही उघडायचा, चार पानं चाळली की नाव सापडायचं. पण 'ज्याच्या गावाच्या शेवटी रुख आहे तो' असं कुणी विचारलं असतं, तर त्याला अख्खी वही पहिल्या पानापासून बघावी लागली असती. डेटाबेसचा नेहमीचा इंडेक्स म्हणजे हीच कड कापलेली खतावणी. बी-ट्री म्हणतात ती रचना बोइंगच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या रुडॉल्फ बायर आणि एडवर्ड मॅक्रेट यांनी मांडली, त्यांचा निबंध १९७२ साली छापून आला. क्रमाने लावलेल्या यादीत 'राजा'ने सुरू होणारी सगळी नावं एकाला एक लागून बसतात, त्यामुळे सुरुवातीवरचा शोध म्हणजे 'इथून इथपर्यंतचा तुकडा काढ' एवढंच काम उरतं. टक्का शब्दाच्या आधीही लावलात, म्हणजे '%राजा%' केलंत, की कड हातातून सुटली.

मग तुमचा इंडेक्स का चालत नाही? कारण खतावणी कुठल्या क्रमाने लावली आहे, यावर सगळं आहे. उबुंटूवर पोस्टग्रेस बसवताना बहुतेक जण काही न बदलता पुढे जातात, आणि डेटाबेसची कोलेशन, म्हणजे शब्द लावायचा क्रम, त्या मशीनच्या भाषेची होते, 'ईएन_आयएन' किंवा 'ईएन_यूएस'. तो भाषिक क्रम आहे. त्यात विरामचिन्हं मागे-पुढे होतात, लहानमोठी अक्षरं जवळ आणली जातात, आणि एकच सुरुवात असलेले शब्द शेजारी शेजारीच असतील याची हमी राहत नाही. लाइक मात्र कॅरेक्टरला कॅरेक्टर लावून बघतं. म्हणून पोस्टग्रेस तो इंडेक्स बाजूला ठेवतो आणि सगळं टेबल वाचत सुटतो. पीएसक्यूएलमध्ये, म्हणजे पोस्टग्रेसला कमांड द्यायच्या प्रोग्रॅममध्ये, बॅकस्लॅश एल टाकून तुमची कोलेशन बघा. 'सी', म्हणजे सरळ कॅरेक्टरचा क्रम, सोडून दुसरं काही दिसलं तर त्याच सरळ क्रमाचा हा इंडेक्स वेगळा लावा:

क्रिएट इंडेक्स सभासद_गाव_सुरुवात ऑन सभासद (गाव टेक्स्ट_पॅटर्न_ऑप्स)

आता क्वेरीच्या आधी 'एक्सप्लेन' लावून चालवा, शोध कुठल्या वाटेने होतो ते दिसेल. आधी 'सेक स्कॅन', म्हणजे सगळं टेबल वाचणं, दिसत असेल, आता 'इंडेक्स स्कॅन' किंवा 'बिटमॅप इंडेक्स स्कॅन' दिसेल आणि त्याखाली ही ओळ:

इंडेक्स कंड: गाव ~>=~ 'राजा' अँड गाव ~<~ 'राजि'

ही ओळ मला फार आवडते. 'राजा'पासून 'राजि'च्या अलीकडेपर्यंत. पोस्टग्रेसने तुमच्या शब्दाच्या शेवटच्या चिन्हाला, म्हणजे कान्याला, एक पायरी वर चढवलं. युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणाऱ्या, तक्त्यात कान्याच्या लगेच नंतर पहिली वेलांटी येते, म्हणून 'राजि'. हा तुकडा कसा कापला जातो हे एकदा डोळ्यांनी पाहिलंत की पुढचे निम्मे घोटाळे आपोआप कळतील. पोस्टग्रेस ११ पासून 'स्टार्ट्स_विथ' नावाचं फंक्शनही आहे, पण ते इंडेक्स वापरायला लागलं १५व्या आवृत्तीपासून, आणि तेही 'सी' कोलेशनच्या इंडेक्सवर. माझा हात लाइकवर बसलाय, तिथेच राहू दे.

एक गोष्ट मात्र मनाला लावून घेऊ नका. नुसतं 'र' टाकल्यावर सेक स्कॅन दिसला तर ती चूक नव्हे. तुमच्या तालुक्यात 'रा'ने सुरू होणाऱ्या गावांचे सभासद भरपूर असणार. एवढ्या नोंदी काढायच्या तर वही सरळ वाचलेली परवडली, असा हिशेब प्लॅनर, म्हणजे शोधाची वाट ठरवणारा पोस्टग्रेसचा भाग, करतो, आणि बहुधा तो बरोबर असतो. टाइप करता करता शोध दाखवायचा तर दोन-तीन चिन्हं आल्याशिवाय क्वेरी पाठवू नका, आणि लिमिट २० लावा. खिडकीसमोर उभ्या माणसाला दोनशे नावं कुणी वाचून दाखवत नाही.

दुसऱ्या डेटाबेसवाल्यांसाठी धावतं सांगतो. मायएसक्यूएलमध्ये साधा इंडेक्स लाइकच्या सुरुवातीला चालतो, वेगळं काही लागत नाही. एसक्यूलाइटमध्ये लाइक लहानमोठ्या इंग्रजी अक्षरांत भेद करत नाही आणि साधा इंडेक्स भेद करतो, म्हणून दोघांचं जुळत नाही. इंडेक्स 'नोकेस' कोलेशनचा करा, नाहीतर 'ग्लॉब' वापरा. एसक्यूएल सर्व्हरमध्ये देवनागरी शब्दाच्या अवतरणाआधी 'एन' लावायला विसरलात तर शब्दाची प्रश्नचिन्हं होतात आणि काहीच सापडत नाही. या एका 'एन'ने माझी एक पूर्ण दुपार खाल्ली आहे. अ‍ॅक्सेसमध्ये टक्क्याच्या जागी सहसा तारा लागतो.

वेगाचा दुसरा शत्रू म्हणजे रकान्याभोवती फंक्शन गुंडाळणं. 'लेफ्ट(गाव, ४) = 'राजा'' किंवा 'ट्रिम(गाव) लाइक 'राजा%'' असं लिहिलं की इंडेक्स गेला. खतावणी 'गाव'च्या क्रमाने लावली आहे, 'ट्रिम केलेलं गाव' या क्रमाने नाही. उत्तर बरोबर येतं, म्हणून ही चूक वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही. शंभर नोंदींवर फरक पडत नाही, सभासद वाढले की एप्रिलमध्ये कळतं.

आता 'कु'कडे येऊ. मला यात तुमच्या क्वेरीपेक्षा तुमच्या संस्थेच्या जुन्या कारकुनाचा हात जास्त दिसतो. नावाच्या रकान्यात पहिल्या वीस नोंदी उघडून बघा. 'श्री.', 'सौ.', 'कु.', 'कै.', 'श्रीम.', 'अ‍ॅड.' अशी सुरुवात असणार. डेटाबेसला मानपान कळत नाही. त्याच्या लेखी त्या नावाची सुरुवातच 'कु.' आहे, म्हणून 'कु' टाकल्यावर यादीतल्या सगळ्या कुमार-कुमारी हजर होतात, आणि 'श्री' टाकलं तर अर्धी संस्था. पत्त्याचं तेच. 'पावस%' शोधताय आणि रकान्यात 'मु. पो. पावस' आहे, कुठे 'मु.पो.पावस', कुठे 'मौजे पावस'. पावस आहे, पण सुरुवातीला नाही.

हे लाइकने सोडवायला जाऊ नका. '%पावस%' केलंत की वेग गेला, आणि 'सौ'चं तर त्यानेही सुटत नाही. शोधासाठी वेगळा, धुतलेला रकाना ठेवा. छापायचा रकाना आहे तसा राहू द्या. विक्रीच्या हिशेबाच्या पट्टीवर 'सौ.' छापली नाही तर सौ. चिडतात, हे मी अनुभवाने सांगतो. आणि जाता जाता, 'कै.' हे नावात लिहायची गोष्टच नव्हे. सभासद हयात आहे की नाही, वारस कोण, याला स्वतंत्र रकाने हवेत. पण ते संस्थेच्या सचिवांना सांगा, मी इथे ओरडून उपयोग नाही.

धुण्यासाठी 'रेगएक्सपी_रिप्लेस'मध्ये, म्हणजे नमुन्याला जुळणारा मजकूर बदलणाऱ्या फंक्शनमध्ये, हा नमुना द्या:

'^(श्रीमती|श्रीम|श्री|सौ|कु|कै|डॉ)[. ]+'

शेवटचा चौकटी कंस सोडू नका. मानपानानंतर टिंब किंवा मोकळी जागा असलीच पाहिजे, असं तो सांगतो. मी एकदा तो विसरलो होतो. कुसुमची 'सुम' झाली आणि श्रीधरचा 'धर'. दोघंही शोधात सापडेनात, आणि खिडकीवरची बाई म्हणे, 'माणसं संस्थेतून काढलीत की काय?'

तिसरी तक्रार, 'रत्न'वाली, खरी मजेची आहे. इथे आपल्याला जे अक्षर वाटतं आणि डेटाबेसला जे अक्षर वाटतं, त्यांची फारकत होते.

आपण 'राजा' हा दोन अक्षरी शब्द म्हणतो. युनिकोडमध्ये ती चार चिन्हं आहेत: र, काना, ज, काना. ती साठवायच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, म्हणजे बारा बाइट. लाइकमधला अंडरस्कोर 'नेमकं एक चिन्ह' मोजतो, त्यामुळे 'राजा' हा शब्द चार अंडरस्कोरला जुळतो, दोनला नाही. यावरून पुढचं समजेल. 'क%' शोधलंत की कणकवलीही येते, कुडाळही येतं, केळशीही येते, कारण सगळ्यांचं पहिलं चिन्ह नुसता 'क' आहे, उकार-मात्रा मागून येतात. आणि 'क्ष'ने सुरू होणारी नावंही येतात, कारण क्ष म्हणजे क, मग पाय मोडायचं चिन्ह, मग ष. तसंच 'श%'मध्ये श्रीवर्धन येतं आणि 'ज%'मध्ये ज्ञानेश्वर. अकारविल्हे याद्या छापताना 'क्ष' आणि 'ज्ञ'ची वेगळी कड हवी असेल, तर 'क%' घेताना 'अँड नाव नॉट लाइक 'क्ष%'' जोडा. नाहीतर ती नावं दोनदा छापली जातात. नॉट लाइक वापरताना ध्यानात ठेवा, ज्यांचा रकाना रिकामा, म्हणजे नल आहे, ते सभासद दोन्हीकडून गळतात.

पण टाइप करता करता शोधताना हे सगळं उलट फायद्याचं आहे. माणूस आधी 'क' दाबतो, मग उकार. 'क'ला कुडाळ दिसायलाच हवं. उलट सुरुवात जितकी आखूड, तितका ऱ्हस्व-दीर्घाचा आणि बोलीचा त्रास कमी. कुणी हर्णै लिहितं, कुणी हर्णे. कुणी वेंगुर्ला, कुणी वेंगुर्ले. 'हर्ण%' आणि 'वेंगुर्ल%' टाकलं की चारही येतात, कारण फरक शेवटच्या चिन्हातच आहे. 'साखर%' टाकाल तर साखरप्याबरोबर साखरी नाटेही येईल, तेवढं चालवून घ्या.

मग रत्नागिरीचे सभासद गेले कुठे? हे चालवून बघा:

सिलेक्ट गाव, कॅर_लेंग्थ(गाव), काउंट(*) फ्रॉम सभासद व्हेअर गाव लाइक 'रत%' ग्रुप बाय गाव

माझ्या अंदाजाने 'रत्नागिरी' दोनदा दिसेल, डोळ्यांना हुबेहूब एकसारखी. एकीसमोर ९ असेल आणि दुसरीसमोर १०. नऊ चिन्हं अशी: र, त, पाय मोडायचं चिन्ह, न, काना, ग, वेलांटी, र, वेलांटी. दहावं चिन्ह दिसत नाही. ते 'त्' आणि 'न'च्या मध्ये बसलेलं झिरो विड्थ जॉइनर आहे, युनिकोड क्रमांक दशमानात ८२०५. काही कीबोर्ड आणि काही जुने रूपांतर-प्रोग्रॅम 'त्न' जोडून न घेता अर्धा 'त' वेगळा दिसावा म्हणून ते घालतात. वर्डमधून चिकटवलेल्या यादीत तर हमखास. लाइकला 'रत्न'मध्ये त्या जागी 'न' हवा असतो, मिळतो जॉइनर, म्हणून नोंद बाद. त्याचाच भाऊ झिरो विड्थ नॉन-जॉइनर, ८२०४. आणि वेबपेजवरून आलेल्या यादीत नावाच्या अगदी सुरुवातीला न तुटणारी मोकळी जागा, १६०, लपलेली असते. तीही साध्या ट्रिमने जात नाही.

'ॲ'ची गंमत वेगळीच. तो तीन तऱ्हांनी लिहिलेला सापडतो: 'अ'वर चंद्र दिलेला, 'अ' आणि चंद्राच्या मध्ये जॉइनर घातलेला, आणि एकसंध 'ॲ'. हा एकसंध 'ॲ' युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ आवृत्तीत आला, म्हणून त्याच्या आधीच्या यादीत तो असणारच नाही. पोस्टग्रेस १३ पासून एकाच अक्षराची वेगवेगळी लिखाणं एकसारखी करणारं 'नॉर्मलाइज' फंक्शन मिळतं आणि लोक समजतात, आता सगळं सुतासारखं सरळ होईल. ते 'र' अधिक नुक्ता (खालचं टिंब) आणि एकसंध 'ऱ' यांना एक करतं, पण 'ॲ'च्या तीन रूपांना हात लावत नाही, कारण युनिकोडच्या नियमांत ती समान मानलेली नाहीत. तिथे स्वतःचं 'रिप्लेस' लिहावं लागतं.

आणि इथे एक सावधानता, समुद्राकाठच्या माणसांनी तर घ्यायलाच हवी. सरसकट सगळे जॉइनर पुसू नका. 'दऱ्या' हा शब्द पुष्कळ जुन्या नोंदींत र, पाय मोडायचं चिन्ह, जॉइनर, मग 'या' असा लिहिलेला असतो. जॉइनर काढलात की राहतो 'दर्या'. डोंगरातली दरी एका फटक्यात समुद्रात. म्हणून आधी 'र, मोडका पाय, जॉइनर' या त्रिकुटाच्या जागी 'ऱ' आणि मोडका पाय घाला, मग उरलेले जॉइनर पुसा. हा क्रम चुकवायचा नाही.

हे सगळं एका फंक्शनमध्ये बांधा. त्याला 'शोधरूप' नाव देऊ. त्यातला क्रम असा: नॉर्मलाइज, मग ऱ-ची दुरुस्ती, मग जॉइनर पुसणं, मग 'ॲ'ची तिन्ही रूपं एकसंध करणं, १६०ची साधी मोकळी जागा करून दोन्ही टोकं ट्रिम, आणि शेवटी मानपान काढणं. देवनागरी आकडेही इथेच इंग्रजी आकड्यांत आणा, ट्रान्सलेट फंक्शनने. ते का, हे पिनकोडाच्या वेळी सांगतो. फंक्शन 'इम्युटेबल', म्हणजे त्याच शब्दाला नेहमी तेच उत्तर देणारं, जाहीर करा, म्हणजे हे चालेल:

ऑल्टर टेबल सभासद ॲड कॉलम नाव_शोध टेक्स्ट जनरेटेड ऑलवेज ॲज (शोधरूप(नाव)) स्टोअर्ड

क्रिएट इंडेक्स सभासद_नाव_शोध ऑन सभासद (नाव_शोध टेक्स्ट_पॅटर्न_ऑप्स)

असे दुसऱ्या रकान्यावरून आपोआप भरणारे जनरेटेड रकाने पोस्टग्रेस १२ पासून आहेत, मायएसक्यूएलमध्ये ५.७ पासून. गावाचंही असंच करा, फक्त त्याला 'मौजे' आणि 'मु. पो.'चा नमुना वेगळा द्या. खिडकीवर टाइप केलेला शब्दही त्याच शोधरूपमधून काढून मग टक्का जोडा. एक बाजू धुतलेली आणि दुसरी मळकी राहिली तर काही उपयोग नाही. कुणी नुसतं 'श्री.' टाइप केलं तर धुतल्यावर हातात काहीच उरत नाही, आणि नुसता '%' म्हणजे सगळं टेबल. म्हणून किती चिन्हं आली हे धुतल्यानंतर मोजा. आणि फंक्शन नंतर कधी बदललंत तर आधी साठवलेल्या नोंदी आपोआप बदलत नाहीत. 'अपडेट सभासद सेट नाव = नाव' एकदा चालवावं लागतं.

तुमच्याकडे युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमधला डेटा असेल, तर यातलं काहीच लागू नाही. त्या फॉन्टांत अक्षरं दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात, इंग्रजी अक्षरांच्या जागांवर. पहिली वेलांटी आधी दिसते, म्हणून ती आधी साठवलेली. परिणामी चिपळूण, शिरगाव, गिर्ये, निवती या सगळ्या गावांची सुरुवात एकाच चिन्हाने होते, वेलांटीच्या. शिवाय काही फॉन्टांत एखाद्या अक्षराचं पूर्ण रूप लहान इंग्रजी अक्षरावर आणि अर्धं मोठ्यावर असतं. लहानमोठं न बघणाऱ्या कोलेशनला ती दोन्ही सारखीच. असा डेटा आधी युनिकोडमध्ये आणा, मग शोधाचं बोला.

पिनकोडाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण विचाराल. पिनची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली, ती आखली श्रीराम भिकाजी वेलणकरांनी, जे संस्कृतचे कवीही होते. तिची रचनाच सुरुवातीवर उभी आहे: पहिला आकडा विभागाचा, दुसरा उपविभागाचा, तिसरा टपाल छाटणीच्या जिल्ह्याचा, आणि शेवटचे तीन टपाल कार्यालयाचे. म्हणून लोकांना वाटतं, '४१५%' म्हणजे रत्नागिरी आणि '४१६%' म्हणजे सिंधुदुर्ग. तसं नाही. रत्नागिरी शहर ४१५६१२, चिपळूण ४१५६०५, पण सातारा शहरही ४१५००१. आणि तुमचं स्वतःचं राजापूर ४१६७०२, लांजा ४१६७०१, म्हणजे रत्नागिरी जिल्हा असूनही ४१६मध्ये, कणकवली, कुडाळ आणि कोल्हापूरबरोबर. टपालाची छाटणी घाटाखाली-घाटावर आणि जिल्ह्याच्या सीमा बघून केलेली नाही. टपाल कुठल्या कार्यालयात छाटलं जातं, ते बघून केलेली आहे. जिल्हा हवा तर जिल्ह्याचा रकाना ठेवा, पिनवरून काढू नका.

पिन अंकाच्या प्रकारात साठवला असेल तर पोस्टग्रेस लाइकला सरळ नकार देईल. मायएसक्यूएल गुपचूप मजकुरात बदलून उत्तर देईल, पण इंडेक्सशिवाय. तेव्हा '४१६००० ते ४१६९९९' अशी मर्यादा घाला. मजकुरात साठवला असेल तर देवनागरी कीबोर्डवरून भरलेले आकडे आणि इंग्रजी कीबोर्डवरून भरलेले आकडे डेटाबेसला पूर्ण वेगळे असतात. एकाने शोधलं की दुसरे दिसत नाहीत. म्हणून वरचं ट्रान्सलेट.

आता एक जुनी खोड सांगतो, माझीच. एका संस्थेत पेट्यांवरचा मार्का हाच सभासदाचा कोड होता: आर१, आर२ असे. एका बागायतदाराच्या सगळ्या पेट्यांचा दर दुरुस्त करायचा होता. पेट्यांचे क्रमांक मार्क्याला जोडून लिहिलेले होते, म्हणून मी अपडेटमध्ये लाइक 'आर१%' लिहिलं. आर१ बरोबर आर१० ते आर१९ यांचेही दर बदलले. पट्ट्या छापून गेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी संस्थेच्या पायरीवर नऊ माणसं उभी होती, आणि दहावा फोनवर. सुरुवात जुळली म्हणजे शब्द जुळला असं नव्हे. 'गट १२' शोधताना 'गट १२०' येतो, ते याच कारणाने. कोड आणि क्रमांकाच्या मध्ये एखादं ठरलेलं चिन्ह ठेवा आणि लाइक 'आर१-%' लिहा. त्याहून बरं म्हणजे दोन वेगळे रकाने. आणि अपडेट किंवा डिलीट चालवायच्या आधी तोच व्हेअर सिलेक्टमध्ये घालून काउंट बघा. तेव्हापासून मी हे एकदाही चुकवलेलं नाही.

त्या चिन्हासाठी अंडरस्कोर मात्र निवडू नका, लाइकमध्ये तो 'कुठलंही एक चिन्ह' होतो. आधीच निवडला असेल तर 'आर१\_%' असं लिहून मागे एस्केप '\' जोडा. खिडकीवरच्या माणसाने टाइप केलेल्या शब्दातले टक्के आणि अंडरस्कोरही असेच बांधून टाका. आणि तो शब्द क्वेरीच्या मजकुरात चिकटवू नका, पॅरामीटर म्हणून द्या. अवतरणचिन्ह टाइप करून कुणी तुमची क्वेरी तोडू शकतं, हे संस्थेतल्या कॉलेजात जाणाऱ्या पोराला तुमच्याआधी कळतं.

राहता राहिलं आडनावाच्या शेवटावरून शोधणं. युक्ती आहे: आडनाव उलटं करून त्यावर इंडेक्स लावायचा.

क्रिएट इंडेक्स सभासद_आडनाव_उलट ऑन सभासद (रिव्हर्स(आडनाव) टेक्स्ट_पॅटर्न_ऑप्स)

मग 'व्हेअर रिव्हर्स(आडनाव) लाइक रिव्हर्स('वणकर') || '%''. शेवटची सुरुवात झाली, खतावणीची कड पुन्हा हातात आली. रिव्हर्स चिन्हाला चिन्ह उलटतं, त्यामुळे काने-मात्रा अक्षरांच्या आधी जाऊन बसतात आणि उलटा शब्द वाचण्यासारखा राहत नाही, पण दोन्ही बाजूंना तोच रिव्हर्स असल्याने जुळायला अडचण नाही. ज्या नोंदीत आडनावाच्या शेवटी चुकून मोकळी जागा राहिली आहे ती इथे गळेल, म्हणून आडनावाचाही धुतलेला रकानाच उलटा करा.

पण तुम्ही '%कर' शोधणार असाल, तर राजापुरात बसून तो इंडेक्स लावायच्या भानगडीत पडू नका. मालवणकर, पावसकर, देवगडकर, राजापूरकर... प्लॅनर एकदा यादीकडे बघेल आणि पुन्हा सेक स्कॅनच करेल.